खुळी कोण, खुळा कोण?

आमच्या कोल्हापुरात ‘नाद खुळा’ म्हणजे कौतुकाची हद्द. मिसळ नाद खुळा, कुस्ती नाद खुळा, बुलेटचा आवाजही नाद खुळा. तोच शब्द पोरीला चिकटला की मात्र बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. २००७ साली आत्याला घेऊन ‘जब वी मेट’ला गेलो होतो. करीनाची गीत रतलामला गाडी चुकवून वर पुन्हा स्टेशनमास्तरशी वाद घालत होती आणि आत्या खुर्चीत चुळबुळत होती. मध्यंतरात वडा खाताना म्हणाली, “किती बोलतीया ती! एक कानाखाली द्यावी वाटली बघ.”

हीच आत्या २०१६ पासून रोज संध्याकाळी ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका लावून बसायची. चित्रीकरण इथलंच, वसगड्याचं. आडदांड पैलवान राणादा अंजलीबाईंसमोर आला की त्याची बोबडी वळायची, नजर जमिनीला लागायची. आत्या विरघळायची. “लेकरू हाय गं ते.” गीत आगाऊ आणि राणा लेकरू. हिशेब काही जुळेना, म्हणून मी कोल्हापूरच्याच सिनेमाचं जुनं दप्तर काढून बसलो.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली, तेव्हा कोल्हापूरचा सिनेमा संपला असं म्हणणारे निघालेच असतील. पण मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली हंस पिक्चर्स काढली आणि १९३८ साली तिथून ‘ब्रह्मचारी’ बाहेर पडला. कथा आचार्य अत्र्यांची. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं जळजळीत भाषण ऐकून पेटतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आचार्य चंडिरामांच्या संस्थेत दाखल होतो. सिनेमात विनोदी नट दामुअण्णा मालवणकरही होते. त्यांचा चेहरा आठवला तरी पुढचं सांगायला नको. आणि मग तिथे किशोरी येते.

हा सिनेमा कोल्हापुरात तयार व्हावा यातली गंमत बाहेरच्याला चटकन कळणार नाही. हे तालमींचं गाव. इथे ब्रह्मचर्य म्हणजे भाषणाचा विषय नव्हता, ती रोजची शिस्त होती. पहाटे जोर-बैठका, थंडाई, लंगोट आणि बाईमाणसाकडे वर मान करून बघायचं नाही. त्याच गावात अत्रे-विनायकांनी एका ब्रह्मचाऱ्याला नदीकाठी आणून उभं केलं आणि एका गाण्यात पाण्यात उतरवली पोहण्याच्या पोशाखातली किशोरी, म्हणजे मीनाक्षी. त्या गाण्यावरून गहजब झाला आणि सिनेमाची आठवण निघाली की आजही बोलणं त्या पोशाखापाशीच येऊन थांबतं.

मला तो पोशाख तितका महत्त्वाचा वाटत नाही. मला किशोरीचा खट्याळपणा महत्त्वाचा वाटतो. ती बागडते, खोड्या काढते, औदुंबराला छळते. पण ती बालिश नाही. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते औदुंबरालाच. पोरखेळ तर ब्रह्मचाऱ्यांचा चाललाय आणि पोर ठरते ती, हीच अत्र्यांची खरी थट्टा.

योगायोग असा की त्याच १९३८ साली तिकडे हॉलिवूडमध्ये हॉवर्ड हॉक्सचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला. तिथेही एक गंभीर गृहस्थ, डायनासोरची हाडं जुळवणारा. आणि त्याच्यामागे हात धुऊन लागलेली, बिबट्या घेऊन फिरणारी कॅथरिन हेपबर्न. तो सिनेमा तेव्हा आपटला. त्याच वर्षी थिएटरमालकांच्या एका संघटनेनं जाहिरात देऊन हेपबर्नची गणना गल्ल्याला विष ठरलेल्या नटांत केली. आज त्याच सिनेमाला अभिजात म्हणतात. म्हणजे ‘डोक्यात जाते’ म्हणणारी आत्या फक्त आमच्याच घरात होती असं नाही.

पण किशोरीची जातकुळी पुढे टिकली नाही. दुसऱ्याच वर्षी हंसच्या ‘ब्रँडीची बाटली’त भोळेपण पुरुषाकडे गेलं. ब्रँडी म्हणजे काय हेच माहीत नसलेला बगाराम बाटली शोधत गावभर हिंडतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. नंतर तमाशापट आले. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’पासून नायिकेच्या जिभेला धार आली खरी, पण त्या धारेमागे सोसणं होतं, मौज नव्हती. अल्लडपणा परवडायला पाठीशी सुरक्षित घर लागतं. फडावरच्या बाईला ते कुठलं?

१९७१ साल मात्र मजेदार आहे. त्या वर्षी हिंदीत ‘गुड्डी’ आला. जया भादुरी धर्मेंद्रच्या प्रेमात बुडालेली शाळकरी पोर, आणि तिला जमिनीवर आणायला घरची मंडळी आणि खुद्द धर्मेंद्र कामाला लागलेले. त्याच वर्षी मराठीत ‘सोंगाड्या’ आला. दादा कोंडक्यांचा नाम्या आईच्या पदराआडचा, नाडी लोंबणारा. त्याला शहाणं करायची घाई प्रेक्षकांतल्या कुणालाच नव्हती. नाम्या तसाच राहावा म्हणून लोकांनी टाळ्या पिटल्या. दादांवर माझा जीव आहे, पण हा भेदभाव नजरेआड करता येत नाही.

राणादा हा त्या नाम्याचा तालमीत घुमलेला नातू. औदुंबरासारखाच बायकांना बिचकणारा, फक्त आता समोर किशोरी नाही, शिकवणाऱ्या बाई आहेत. खोड्या काढायचा हक्क तिच्याकडून गेला आणि त्याला समजून घ्यायचं काम तेवढं तिच्या वाट्याला आलं. जेनेलियाचंच बघा. तेलुगू ‘बोम्मरिल्लू’तली तिची बडबडी, अवखळ हासिनी दक्षिणेत घराघरात पोचली होती. तीच मराठीत नायिका म्हणून २०२२च्या ‘वेड’मध्ये आली तेव्हा झाली मुकाट सोसणारी श्रावणी. आत्यानं डोळे पुसत बघितला.

गीतबद्दल अजूनही आमचं भांडण आहे. मला ती पहिल्या अर्ध्यात आवडते, कारण तिथे तिला स्वतःला कुठेतरी जायचं असतं. नायकाला, आदित्यला, हसवणं हा वाटेतला उद्योग. जिला असं काहीच नको असतं, जी नुसती नायकाचं औषध म्हणून पावसात उड्या मारते, ती माझ्याही डोक्यात जाते. इथे आत्याचं आणि माझं एकमत.

परवा तिला मोबाइलवर ‘ब्रह्मचारी’तलं ते गाणं दाखवलं. आता कपाळावर आठी येणार म्हणून मी वाट बघत होतो. ती चष्मा नाकावर ओढून शेवटपर्यंत बघत राहिली.

“कोण गं ही?” सून स्वयंपाकघरातून वाकून बघत होती, तिला आत्यानं विचारलं.

मीच सांगितलं, मीनाक्षी शिरोडकर, नम्रता शिरोडकरची आजी.

“म्हंजे महेश बाबूची आजेसासू!” आत्या म्हणाली, आणि तिनं गाणं पुन्हा लावायला लावलं.