तारा निखळला, पण खाली पडलं काय?

रात्री आकाशात सर्रकन उजेडाची रेघ उमटते, ती ‘मीटिऑर’. त्यातून वाचून जमिनीवर पोचतो तो दगड म्हणजे ‘मीटिओराइट’. इंग्रजी बातम्यांतही या दोघांची सर्रास अदलाबदल होते. मराठीत तर आपण दोन्हींना ‘उल्का’ म्हणून मोकळे होतो. खरं तर दगडासाठी ‘अशनी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो हक्काने वापरावा!

मीटिऑर हातात घेताच येत नाही, कारण तो नुसता उजेड. सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसलेला कण १०० किलोमीटरच्या आसपास उंचीवर तापून उजळतो. बहुतेक वेळा तो असतो जेमतेम वाळूच्या दाण्याएवढा!

अशनी मात्र चांगलीच हाती लागतात. १६२१ मध्ये जालंधरजवळ आकाशातून लोखंड पडलं. नुसतं ते ठोकताना फुटायला लागलं, तेव्हा त्यात साधं लोखंड मिसळून जहांगीर बादशहाने तलवारी, खंजीर आणि सुरी करवून घेतली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात सुमारे ४ किलोचा अशनी छप्पर फोडून आला, रेडिओवर आपटला आणि सोफ्यावर झोपलेल्या बाईंना लागला. मोठा काळानिळा वळ उठला, पण बाई वाचल्या.

माझा सगळ्यात लाडका अशनी बिहारचा. २५ ऑगस्ट १८६५ रोजी शेरघाटीला सुमारे ५ किलोचा दगड पडला. तो मंगळावरून आला होता, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली! मंगळाच्या अशा दगडांच्या एका अख्ख्या गटाला आज जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात. याच दगडात १८७२ मध्ये ‘मास्केलिनाइट’ ही काच पहिल्यांदा ओळखली गेली. प्रचंड आघाताने खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळताच काचेसारखं होतं, ती ही.

आणि आता बुलढाणा जिल्ह्यात या. लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद बराच काळ चालला. १९७०च्या दशकात तिथल्या बेसॉल्टच्या तुकड्यांत हीच मास्केलिनाइट सापडली आणि आघाताची बाजू पक्की झाली.