डोळ्यांवर नको, आकड्यावर भरवसा ठेवा



कॅलिफोर्नियातलं आपलं डब्लिन ५८० आणि ६८० या दोन हमरस्त्यांच्या नाक्यावर वसलं आहे. भोवती डोंगर असल्यामुळे हवा खोऱ्यात कोंडते. उन्हाळ्यात गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की ओझोन वायू तयार होतो. तो दिसत नाही. आकाश निळंभोर असतं, तरी छाती जड होते, खोकला सुटतो. बे एरियात ओझोनचा त्रास जास्त होतो तो शेजारच्या लिव्हरमोर खोऱ्यात.

उलटंही घडतं. ९ सप्टेंबर २०२० ला वणव्यांच्या धुरामुळे आकाश भरदिवसा नारिंगी झालं. सगळे घाबरले. पण तेव्हा पुष्कळसा धूर उंचावर होता; जमिनीजवळची हवा जास्त बिघडली ती पुढच्या दिवसांत. म्हणून नुसतं खिडकीतून बघून अंदाज बांधू नये.

हवा मोजण्याचं काम १९५५ साली स्थापन झालेलं बे एरियाचं हवा खातं करतं. मुलांनो, आकड्यांचे रंग पाठ करा : ५० पर्यंत हिरवा, १०० पर्यंत पिवळा, १५० पर्यंत नारिंगी, २०० पर्यंत लाल, ३०० पर्यंत जांभळा. नारिंगी लागला की आजी-आजोबा, लहान मुलं आणि दमेकरी यांनी जपायचं. लाल म्हणजे सर्वांनीच.

धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते थेट फुप्फुसात, तिथून रक्तात जातात आणि हृदयालाही त्रास देतात. साधा रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क नीट घट्ट बसवावा. ओझोन मात्र वायू आहे, मास्कने अडत नाही. त्या दिवसांत फिरणं सकाळीच उरकावं. दुपारी तो वाढतो.

धुराच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, तळण आणि उदबत्ती टाळा. ‘स्पेअर द एअर’चा इशारा असेल तर शेकोटीत लाकूड जाळायला बंदी असते. हा नियम २००८ पासून हिवाळ्यात होता, २०१९ मध्ये वर्षभरासाठी झाला.

नातवंडांनी एक काम अंगावर घ्यावं. सकाळी आकडा बघून एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना फोन करावा : “आज नारिंगी आहे, बाहेर नका जाऊ.” आणि धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट बघत बसू नका, लगेच ९११ फिरवा.