जंतू नसताना सुजणाऱ्या झडपा

कापूस वेचणीच्या दिवसांत खामगावच्या माझ्या दवाखान्यात बाया सांगतात, ‘डाक्टरसाहेब, उन्हात गेलं का तोंड लाल होते अन् बोटं आखडतात.’ गालांवरच्या डागांना घरचे वांग म्हणतात, सांधेदुखीला चिकनगुनिया. हे दोन्ही एकाच तरुण बाईला असेल आणि तिचा गर्भही पुन्हा पुन्हा पडला असेल, तर मला तिच्या हृदयाची काळजी लागते.

ही लक्षणं ल्युपसची असू शकतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. हृदयाच्या झडपाही त्यातून सुटतीलच असं नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स यांनी १९२४ साली चार रुग्णांच्या झडपांवर चामखिळीसारखे उंचवटे नोंदवले. त्यांत जंतू नव्हते. दुखावलेल्या झडपेवर रक्तातल्या प्लेटलेट आणि फायब्रिन चिकटत जातात. अनेकींना ना ताप, ना धाप. स्टेथोस्कोपलाही काही ऐकू येत नाही. मग एखादा तुकडा सुटून मेंदूत अडकतो आणि तिशीतल्या बाईला लकवा मारतो. अशा वेळी तिला आधी झाडपाल्याच्या औषधाला नेतात, तेव्हा माझा जीव तुटतो. हातातले तास निघून जातात.

स्वादुपिंडाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगातही झडपांवर अशाच निर्जंतुक गुठळ्या बसतात. कधी तर लकवा आधी येतो, कर्करोग नंतर सापडतो.

आपल्या भागात जास्त ओळखीचा आहे तो संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकसने दुखतो, बरा होतो. पण त्या जंतूविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांवर आणि झडपांवर तुटून पडते. झडपेत जंतू नसतो, तरी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, कारण घशाचा प्रत्येक नवा संसर्ग झडप आणखी आखडवू शकतो.

ल्युपसच्या बाईला हे इंजेक्शन नव्हे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लागतं. गुठळ्या होत असतील तर रक्त पातळ ठेवणारं औषधही. ते ठरवण्यासाठी हृदयाचा इको आणि गुठळ्यांना कारण ठरणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतो. पहिली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करावीच लागते, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. ती तारीख कधी नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत येते. म्हणून मी ती फाईलवर लाल शाईनं लिहितो आणि सोबत आलेल्या सासूलाही वाचून दाखवतो.