पहिला पसंतीक्रम घाबरून लिहू नका

दहावीचा निकाल लागला की गिरगावातल्या चाळींच्या गॅलरीत एकच विषय असतो. शेजारची मुलगी वही घेऊन आली तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीने कॉलेजांची यादी होती. तिला मनापासून हवं होतं माटुंग्याचं रुपारेल, पण ते खोडून चौथ्या जागी गेलं होतं. पहिल्या जागी घराजवळचं एक कॉलेज, ‘तिथे नक्की मिळेल’ म्हणून. खोडून खोडून त्या ओळीपाशी कागद पातळ झाला होता. घरच्यांनी तिला सांगितलं होतं, ‘वर मोठं नाव टाकलंस आणि ते मिळालं नाही, तर खालची कॉलेजंही हातची जातील.’

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. मुंबईत ही पद्धत 2009 पासून आहे, 2025 मध्ये ती अख्ख्या राज्याला लागू झाली, तरी तो जात नाही. प्रत्यक्षात संगणक आधी सगळ्या मुलांना गुणांप्रमाणे रांगेत लावतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या प्रवर्गात जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल, ती तुम्हाला देतो. समजा, 500 पैकी 442 गुण आहेत. रुपारेल पहिल्या जागी लिहिलं आणि तिथे जागा संपलेली असली, तर दुसऱ्या कॉलेजसाठीही तुमचे गुण 442 च धरले जातात. त्या कॉलेजला तुम्ही कितव्या क्रमांकावर टाकलंय याने तिथला तुमचा नंबर मागे जात नाही. फॉर्म पहिल्या दिवशी भरला की शेवटच्या, यानेही नाही. मुदत पाळली म्हणजे झालं.

पहिल्या क्रमांकाला मात्र एक अट आहे, आणि ती घरोघरी सांगितली पाहिजे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर पुढच्या फेरीची वाट पाहता येते. म्हणजे भीतीपोटी पहिल्या जागी टाकलेलं ‘नक्की’ कॉलेज खरोखरच नक्की होतं आणि मनातलं कॉलेज मिळण्याइतके गुण असूनही सुटतं. असं झालेली मुलं पाहिली की जीव हळहळतो.

कटऑफबद्दलही असाच घोळ. तो कॉलेज ठरवत नाही. त्या फेरीत शेवटची जागा मिळालेल्या मुलाचे गुण म्हणजे कटऑफ. मागच्या वर्षीचा आकडा अंदाजापुरता बघावा, दोन-तीन टक्क्यांनी हुकतोय म्हणून नाव गाळू नये. आकडा वाचतानाही शाखा, प्रवर्ग, अनुदानित की विनाअनुदानित हे पाहायचं. एकाच इमारतीतल्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या यादीत वेगवेगळ्या असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो.

जागांचा अंदाज घेताना कोटेही लक्षात घ्यायचे. चर्चगेटची के.सी. आणि जयहिंद ही सिंधी, तर धोबीतलावचं झेवियर्स आणि चौपाटीवरचं विल्सन ही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांची कॉलेजं. अशा ठिकाणी निम्म्या जागा त्या समाजाच्या कोट्यात असतात. व्यवस्थापन कोटा 5 टक्के, संस्थेच्याच शाळेतल्या मुलांसाठी इन-हाउस 10 टक्के. कोट्यातून प्रवेश घेतला की नियमित फेऱ्या बंद.

‘नॅकमध्ये वरची श्रेणी आहे’ असंही कानावर येतं. नॅक ही मूल्यांकन करणारी संस्था, आणि ती तपासते ते पदवी महाविद्यालय. अकरावी-बारावी राज्य मंडळाकडे. म्हणून विज्ञानाच्या मुलांनी श्रेणीपेक्षा प्रयोगशाळा रोज उघडते का, प्रॅक्टिकल होतात का, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारावं. आणि लांब म्हणून घाबरू नये. चर्नी रोडहून धीम्या लोकलने माटुंगा रोड दादरच्या पुढचंच स्टेशन, तिथून रुपारेल चालत. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोही गिरगावातून थेट दादरला जाते.

त्या संध्याकाळी आम्ही नवं पान घेतलं. रुपारेल पहिल्या ओळीत आलं, घराजवळचं कॉलेज सहाव्या. मोजकीच नावं टाकली की मिळतंच, हे कुणाच्या तरी तोंडचं ऐकून तिने मूळ यादी चारच ओळींत संपवली होती. आम्ही दहाही भरल्या.