नाव सोडून काहीही बदला

गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर १८ मार्च २०२३ च्या रात्री एटीके मोहन बागानने बेंगळुरू एफसीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला. जल्लोष ओसरण्याआधीच मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून नावातलं ‘एटीके’ जाणार आणि संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ म्हणून उतरणार. कोलकात्यातल्या कित्येक पाठीराख्यांना करंडकाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, आनंद या घोषणेचा झाला. जवळपास तीन वर्षं ते याच मागणीसाठी झगडत होते.

भांडण तीन अक्षरांचं होतं. २०२० मध्ये गोएंकांच्या उद्योगसमूहाने मोहन बागानच्या फुटबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला. समूहाचा एटीके हा संघ त्यात विलीन झाला. एटीकेचं वय सहा वर्षांचं. मोहन बागानचा जन्म १८८९ चा. हिरव्या-मरून पट्ट्यांची जर्सी कायम राहिली, बोधचिन्हातली शिडाची होडी राहिली, हाती पैसा आला, उत्तम खेळाडू आले, वरच्या लीगचं दार उघडलं. तरीही ‘रिमूव्ह एटीके’चे फलक झळकत राहिले. काहींनी तर स्टेडियमवर जाणंच सोडलं. संघ जिंकत असताना त्याच्याच चाहत्यांनी पाठ फिरवावी हे लांबून पाहणाऱ्याला हटवादीपणाचं वाटेल. पण क्लबवरची निष्ठा नेमकी कशावर उभी असते, हे या झगड्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं आहे.

कारण मोहन बागान आणि त्याचा शहरातलाच वैरी ईस्ट बंगाल, या दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांनी बदल कमी पचवलेले नाहीत. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघात दहा जण अनवाणी खेळले होते. बूट घातलेला एकच, सुधीर चटर्जी. ते दिवस गेले. १९९१ मध्ये, परदेशी खेळाडूंना अनेक दशकं दूर ठेवलेल्या याच क्लबाने नायजेरियाच्या चिमा ओकोरीला घेतलं. पुढे ब्राझीलचा होजे बरेटो आला आणि गॅलरीने त्याला ‘सबुज तोता’, म्हणजे हिरवा पोपट, म्हणून डोक्यावर घेतलं. १९९८ मध्ये एकाच मद्य उद्योगाने दोन्ही वैऱ्यांत भागीदारी घेतली आणि एका नावापुढे ‘मॅकडॉवेल’, दुसऱ्यापुढे ‘किंगफिशर’ लागलं. नाकं मुरडली गेली, पण लोक येत राहिले. प्रायोजकाचं लेबल आज लागतं, उद्या निघतं, हे त्यांना ठाऊक होतं. ‘एटीके’ हे मात्र दुसऱ्या एका संघाचं नाव होतं. ते पुढे लागलं की १३१ वर्षांचा क्लब कुणाचं तरी शेपूट ठरतो, अशी ती बोच होती. म्हणूनच ‘सुपर जायंट’ चालून गेलं, ‘एटीके’ चाललं नाही.

वैरी असलेल्या ईस्ट बंगालची कथा याहून हलवणारी आहे. १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळलं. रागावून क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली. पूर्वेकडून घरदार सोडून आलेल्या लाखोंना कोलकात्यात ना जागा होती ना मान. आपल्या गावाकडचं नाव अभिमानाने उच्चारावं अशी हक्काची जागा त्यांना फुटबॉलच्या गॅलरीत मिळाली. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश मासा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, हा रिवाज त्यातूनच रुजला.

आता गंमत पाहा. १९४९ ते १९५३ या काळात निर्वासितांच्या या क्लबाला वैभव मिळवून देणारे ‘पंचपांडव’ म्हणजे व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही जण दक्षिण भारतातले! १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर मोहन बागानला ४-१ ने लोळवताना तीन गोल मारले ते सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने. क्लब ‘बांगाल’ लोकांचा, नायक मात्र कुठलाही. पाठीराख्यांनी त्यांना कधी परकं मानलं नाही, कारण ते लाल-सोनेरी जर्सीत होते.

आज फाळणी पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. घोटी-बांगाल लग्नं आता नेहमीची झाली आहेत. ढाका किंवा बारिसाल कधी पाहिलंही नाही असे नातू-पणतू ईस्ट बंगालचा झेंडा धरतात. जिच्यातून निष्ठा जन्मली ती जखम भरून आली, निष्ठा राहिली. आणि प्रसंगी ती जखमेची आठवणही जागी करते. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वाद पेटला होता. तेव्हा डर्बीला, म्हणजे या दोन वैऱ्यांच्या सामन्याला, ईस्ट बंगालच्या गॅलरीतून भलंमोठं कापड उलगडलं गेलं. ही जमीन रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नव्हे, असा त्यावरच्या बंगाली मजकुराचा अर्थ होता. आजी-आजोबांची गोष्ट सांगायला नातवंडांना क्लबाइतकी मोठी भिंत दुसरी कुठे मिळाली असती?

यशाशी या निष्ठेचं नातं फार सैल आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवलं, की विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर सोमवारी जास्त विद्यार्थी त्याचं नाव असलेले कपडे घालून येतात. विजेत्याच्या उजेडात उभं राहायला सगळ्यांनाच आवडतं. पण ईस्ट बंगालकडे तो उजेड बराच काळ नव्हता. २०१२ च्या फेडरेशन चषकानंतर देशपातळीवरचं पुढचं मोठं विजेतेपद यायला जानेवारी २०२४ चा सुपर कप उजाडावा लागला. मधल्या काळात मालक बदलले, सुपर लीगमध्ये संघ तळाजवळ रेंगाळला. तरी पाठीराखे राहिले. सोबत सोसलेले पराभवच मग माणसांना एकमेकांशी बांधतात.

महाराष्ट्राने याची दुसरी बाजू पाहिली आहे. याच गोएंकांचा रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७ च्या आयपीएलचा अंतिम सामना एका धावेने हरला आणि दोन हंगामांची मुदत संपताच गेला. एफसी पुणे सिटी पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. नारंगी जर्सी घालून बालेवाडीला जाणारे तरुण हळहळले, पण संघाला धरून ठेवायला त्यांच्यामागे पिढ्या नव्हत्या. कोल्हापुरात त्या आहेत. तिथे फुटबॉल संघ म्हणजे तालीम: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. जी तालीम गणपती बसवते तीच मैदानात उतरते. नायजेरियन खेळाडू आणले तरी शाहू स्टेडियमवरचा आवाज पेठेचाच असतो. असा संघ विकून दुसऱ्या शहरात न्यायचा कुठे?

या बांधिलकीची किंमतही मोजावी लागली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचे जीव गेले. घराघरातली पोरं होती ती. कोणताही क्लब एका जिवाहून मोठा नाही, हे निष्ठेचं कौतुक करतानाही विसरता कामा नये.

आणि तरी हेच वैर कधी कुठे थांबायचं ते जाणतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि कोलकाता पेटून उठलं. १८ ऑगस्टची ड्युरँड चषकाची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाली. सामना नव्हता, तरी लोक सॉल्ट लेकला आले. हिरव्या-मरून आणि लाल-सोनेरी जर्सी एकत्र, सोबत मोहम्मडन स्पोर्टिंगचेही पाठीराखे. न्यायाच्या घोषणा देत त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, त्याच स्टेडियमवर सुपर लीगची डर्बी झाली. मोहन बागानने ती २-० ने जिंकली. त्या दिवशी दोन्हीकडचे पाठीराखे पुन्हा आपापल्या गॅलरीत होते, आणि एकमेकांना डिवचण्यात कुणीही कसर ठेवली नाही.