'झॉम्बी' : जल्लोषात गायले जाणारे शोकगीत

पॅरिसमध्ये २३ सप्टेंबर २०२३ रोजी रग्बी विश्वचषकाच्या सामन्यात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला १३-८ असे हरविले आणि हजारो आयरिश प्रेक्षकांनी एकमुखाने गाणे धरले ते 'द क्रॅनबेरीज' या वाद्यवृंदाचे 'झॉम्बी'. हात उंचावून, नाचत गायले गेलेले हे गाणे मुळात दोन मुलांच्या मृत्यूवर लिहिलेले आहे. साहजिकच वाद झाला.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मध्ये वॉरिंग्टन हे इंग्लंडमधील शहर आहे. २० मार्च १९९३ रोजी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील मातृदिन असल्याने ब्रिज स्ट्रीटवरील बाजारपेठेत आईसाठी भेटवस्तू घेणाऱ्यांची गर्दी होती. तेथील कचरापेट्यांत 'आयरिश रिपब्लिकन आर्मी'ने (आयआरए) दडविलेले दोन बॉम्ब पाठोपाठ फुटले. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला. बारा वर्षांच्या दुसऱ्याने पाच दिवसांनी प्राण सोडले. पन्नासहून अधिक लोक जखमी झाले.

'क्रॅनबेरीज'ची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन तेव्हा अवघी २१ वर्षांची होती. दक्षिण आयर्लंडमधील लिमरिक परगण्यातील ही कॅथलिक मुलगी. आयआरए जे काही करीत होती ते आयरिश जनतेच्या नावाने, म्हणजे पर्यायाने तिच्याही नावाने. हेच तिला असह्य झाले. या वाद्यवृंदाची बहुतेक गाणी ती आणि गिटारवादक नोएल होगन मिळून रचत. 'झॉम्बी' मात्र तिने एकटीने लिहिले. आधी साध्या गिटारवर बांधलेली ही चाल ध्वनिमुद्रणात कर्कश, जड गिटारींवर चढविण्यात आली. 'लिंगर', 'ड्रीम्स' अशा हळुवार गाण्यांची सवय झालेल्या श्रोत्यांना हा धक्काच होता.

मराठीत झोंबी म्हणजे झटापट. हा 'झॉम्बी' म्हणजे चालते-फिरते प्रेत, ज्याला स्वतःचा विचार उरलेला नाही. गाण्याची सुरुवात मुलाच्या मृत्यूने होते. मग ही गायिका बजावते, की हे कृत्य माझे नाही, माझ्या घरच्यांचे नाही. डोक्यात अखंड चाललेल्या लढाईचा उल्लेख येतो आणि पुढे १९१६ या सालाचाही. डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या 'ईस्टर उठावा'चे हे वर्ष. शब्द मोजकेच आहेत. खरा अर्थ आहे तो ध्रुपदात मध्येच फाटणाऱ्या, विलापासारख्या तिच्या आवाजात.

१९१६ च्या उल्लेखाने अनेकजण दुखावले. स्वातंत्र्याचा उठाव आणि कचरापेटीतला बॉम्ब एकाच माळेत कसे ओवता, असा त्यांचा सवाल होता. उत्तर आयर्लंडमधील राष्ट्रवाद्यांचा आक्षेप आणखी वेगळा : ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी मेलेल्यांविषयी गाणे गप्प का? २०२३ मध्ये हेच पुन्हा ऐकू आले. आक्षेपात तथ्य आहे. सुमारे साडेतीन हजार बळी घेणाऱ्या संघर्षाचा ताळेबंद पाच मिनिटांच्या गाण्यात मावत नाही. पण तो मांडायला ते लिहिलेलेही नव्हते. एका बॉम्बस्फोटानंतरचा तो संताप होता.

सप्टेंबर १९९४ मध्ये हे गाणे बाजारात आले, त्याच्या काही दिवस आधी, ३१ ऑगस्टला, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली होती. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात ते पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये मात्र चौदाव्या क्रमांकापलीकडे सरकले नाही.

१५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमधील एका हॉटेलात डोलोरेसचे ४६ व्या वर्षी अपघाती निधन झाले. 'बॅड वुल्व्ज' या अमेरिकी वाद्यवृंदाने केलेल्या 'झॉम्बी'च्या नव्या आवृत्तीसाठी ती त्याच दिवशी गाणार होती. तिच्या आवाजाविनाच ते गाणे प्रकाशित झाले आणि त्यातून आलेले अडीच लाख डॉलर तिच्या तीन मुलांना देण्यात आले.