मेटलचा उन्हाळा: एक निरोप, अनेक प्रवास

५ जुलै २०२५. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातले व्हिला पार्क हे फुटबॉलचे मैदान हजारो रसिकांनी भरून गेले होते. मंचावर सिंहासनासारख्या काळ्या आसनावर बसून ऑझी ऑसबॉर्न गात होते. पार्किन्सनच्या विकारामुळे त्यांना उभे राहून गाणे शक्य नव्हते. अवघ्या १७ दिवसांनी, २२ जुलै रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हेवी मेटल संगीताच्या चाहत्यांसाठी तो संपूर्ण उन्हाळाच निरोपाचा ठरला.

ऑझी, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या चौघांचा 'ब्लॅक सॅबथ' हा वाद्यवृंद १९६८ साली याच शहरात जन्माला आला. २००५ नंतर प्रथमच हे चौघे एका मंचावर आले आणि केवळ चार गाणी सादर करून त्यांनी रजा घेतली. 'मेटॅलिका', 'स्लेयर', 'गोजिरा' असे नामवंत वाद्यवृंद त्यांच्या आधी दिवसभर वाजवून गेले. मैफलीचे उत्पन्न पार्किन्सनवरील संशोधनासाठी आणि आजारी मुलांवर उपचार करणाऱ्या संस्थांसाठी देण्याचे आधीच जाहीर झाले होते.

कारखान्यातून आलेला नाद

या संगीताचा बर्मिंगहॅमशी असलेला संबंध केवळ जन्मगावापुरता नाही. धातूकामाच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. अशाच एका पत्र्याच्या कारखान्यात वयाच्या १७व्या वर्षी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात सापडून तुटली. आयोमी डावखुरे असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचे काम नेमका हाच हात करीत असे. प्लॅस्टिक वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताणही उतरवला. ताण उतरला की स्वर खाली येतो व नाद जड होतो. हाच जड नाद पुढे या संगीतप्रकाराची ओळख बनला.

गाव दोन हजारांचे, पाहुणे ८५ हजार

३० जुलै रोजी ऑझी यांची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरून निघाली. त्याच दिवशी उत्तर जर्मनीतील वाकेन या गावी मेटलचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. जेमतेम दोन हजार वस्तीच्या या गावात १९९० साली दोन स्थानिक तरुणांनी पहिला महोत्सव भरवला, तेव्हा सुमारे ८०० श्रोते आले होते. आज ८५ हजार तिकिटे विकली जातात. गावच्या अग्निशमन दलाचा बँडही महोत्सवात वाजवतो. शेतांत तंबू पडतात आणि पाऊस झाला की चिखलात रुतलेल्या गाड्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ओढून काढतात. २०२३ साली तर चिखलामुळे प्रवेशच थांबवावा लागला व तिकीट असूनही हजारो रसिकांना मैदान गाठता आले नाही.

युरोपात मोकळ्या मैदानावरील असे महोत्सव जून ते ऑगस्ट या काळात भरतात. दिवस मोठा असतो आणि सुट्ट्याही असतात. वाद्यवृंद आपले दौरे त्यानुसार आखतात; एका महोत्सवातून दुसऱ्याकडे जाताना मधल्या दिवसांत स्वतंत्र कार्यक्रम करतात. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न आटल्यापासून दौरे हाच अनेकांच्या चरितार्थाचा मुख्य आधार झाला आहे.

मुंबईचा दुवा

आपल्याकडे हेच महिने पावसाचे, म्हणून मोकळ्या मैदानावरील मैफली बहुधा हिवाळ्यात होतात. मात्र 'गन्स एन रोझेस' या हार्ड रॉक वाद्यवृंदाने १७ मे २०२५ रोजी, ऐन उकाड्यात, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कार्यक्रम केला. पुढे हाच वाद्यवृंद व्हिला पार्कवर ऑझींना मानवंदना देण्यास हजर होता आणि नंतर वाकेनच्या मंचावरही दिसला. त्याआधी १ फेब्रुवारी २००८ रोजी 'आयर्न मेडन'ने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईतूनच केला होता. त्या दौऱ्यात कलावंत, तंत्रज्ञ व सामान एकाच बोइंग ७५७ विमानातून फिरत होते आणि वैमानिकाच्या आसनावर होते गायक ब्रूस डिकिन्सन. प्रवास उलट दिशेनेही झाला. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'ने २०१९ साली वाकेनचा मंच गाठला.

१९७५ साली स्थापन झालेल्या 'आयर्न मेडन'चा सुवर्णमहोत्सवी दौरा २७ मे २०२५ रोजी बुडापेस्टमध्ये सुरू झाला. या संगीताची पहिली पिढी आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकता येतात, व्हिला पार्कची मैफलही अनेकांनी पडद्यावर पाहिली. तरीही रजा टाकून, साठवलेले पैसे खर्चून माणसे हजारो मैल का जातात, याचे उत्तर त्या १७ दिवसांत आहे. पुढच्या वर्षी जाऊ असे ठरवून जे थांबले, त्यांच्यासाठी ऑझींचा पुढचा उन्हाळा उरला नाही.